१५५३ इंटरफेस कार्डाचा बेंच लावताना: आधी तार, मग कान, मग तोंड

मिल-स्टँडर्ड-१५५३बी म्हणजे सैनिकी विमानातली उपकरणं (युनिटं) ज्या सामायिक तारेवरून, बसवरून, एकमेकांशी बोलतात तिचं मानक. पीसीला त्या बसशी जोडणारं कार्ड हातात आल्यावर पहिल्या तासाभरात काय होतं, ते मी गोव्यात वेर्ण्याच्या चाचणी-बेंचवर बरीच वर्षं बघतोय. फर्मागुडीच्या कॉलेजातून इंटर्नशिपला आलेली मुलं असोत की मुरलेले टेक्निशियन, प्रकार तोच. कार्ड पीसीत बसतं, सॉफ्टवेअर उघडतं, कुणीतरी ‘बस कंट्रोलर’ निवडून ‘रन’ दाबतं आणि पडद्यावर ‘नो रिस्पॉन्स’ येतं. मग ड्रायव्हर बदलतात, कार्ड बदलतात आणि शेवटी युनिट खराब म्हणून परत जातं. बहुतेक वेळा ते युनिट ठणठणीत असतं. चूक झालेली असते ती कामाच्या क्रमात.

आधी तार तपासायची, मग नुसतं ऐकायचं आणि बसवर बोलायचं सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या.

## १. कार्ड कशासाठी लावताय ते आधी ठरवा

एकच कार्ड चार निरनिराळ्या कामांना लागतं. पहिलं, एखाद्या युनिटला मिशन कॉम्प्युटरचा, म्हणजे विमानाच्या मुख्य संगणकाचा, भास करून देणं, म्हणजे बस कंट्रोलर (बसवर कुणी कधी बोलायचं ते ठरवणारा) होणं. दुसरं, जी युनिटं अजून हातात आलेली नाहीत त्यांच्या जागी रिमोट टर्मिनल (विचारल्यावरच बोलणारा) म्हणून उत्तरं देणं. तिसरं, काहीही न बोलता सगळी वाहतूक वेळेच्या शिक्क्यासह नोंदवणं, म्हणजे मॉनिटर होणं. चौथं, मुद्दाम बिघडलेले शब्द (बसवरचे माहितीचे १६ बिटांचे तुकडे) पाठवून युनिट कसं वागतं ते बघणं.

घोळ होतो तो इथे. सिंगल-फंक्शन कार्ड एका वेळी कंट्रोलर तरी होतं, टर्मिनल तरी होतं किंवा मॉनिटर तरी. कंट्रोलर चालवत असतानाच त्याच चॅनलवर मॉनिटर आणि दोन-चार खोटे टर्मिनल हवे असतील, तर मल्टी-फंक्शन कार्ड लागतं. पॅरिटी (शब्दाच्या शेवटचा पडताळणीचा बिट) किंवा मँचेस्टर (बिट तारेवर मांडायची पद्धत) यांच्या चुका पाठवायची सोय प्रत्येक कार्डात नसते. खरेदीच्या कागदावर ती वेगळी लिहून घ्या, कारण नंतर ती सॉफ्टवेअरने येईलच असं नाही.

चॅनल मोजतानाही लोक फसतात. १५५३चा एक चॅनल म्हणजे ए आणि बी अशा दोन बस, दुहेरी सुरक्षिततेसाठी. ‘दोन कनेक्टर आहेत म्हणजे दोन चॅनल’ हा समज चुकीचा आहे.

## २. आयसीडीतून एक पानाचं कोष्टक काढा

इंटरफेस कंट्रोल डॉक्युमेंट (आयसीडी), म्हणजे युनिटशी काय आणि कसं बोलायचं ते सांगणारं पुस्तक, जाडजूड असतं. बेंचवर लागतं ते एक पान: टर्मिनलचा पत्ता, सबअॅड्रेस (युनिटच्या आतला डेटाचा कप्पा), दिशा, शब्दसंख्या, दर सेकंदाला किती वेळा, आणि प्रत्येक शब्दाचं मोजमाप. हे पान हाताने तयार करा. ते करतानाच निम्म्या शंका वर येतात.

कमांड शब्दात, म्हणजे कंट्रोलरच्या हुकमात, १६ बिट असतात: पत्त्याचे ५, पाठव-की-घे सांगणारा १, सबअॅड्रेसचे ५ आणि शब्दसंख्येचे ५. पत्ता ५, युनिटने घ्यायचं, सबअॅड्रेस २, शब्द ४ असं मांडलं की हेक्स (सोळाच्या पायावरचा आकडा) २८४४ येतं. तेच युनिटने पाठवायचं असेल तर २सी४४. प्रत्येक मेसेजचा असा हेक्स आकडा कोष्टकात शेवटच्या रकान्यात लिहून ठेवा. पुढे मॉनिटरवर नजर टाकली की चूक ताबडतोब दिसते.

तीन गोष्टी लाल शाईने लिहा. ३२ शब्द असतील तर शब्दसंख्येच्या जागी ००००० येतं. सबअॅड्रेस ० आणि ३१ हे डेटाचे नव्हेत, ते मोड कोडची, म्हणजे युनिटला द्यायच्या खास हुकमांची, खूण आहेत. आणि पत्ता ३१ हा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम सांगायचा), एखाद्या युनिटला द्यायचा नाही.

> सावधान: सैनिकी युनिटची आयसीडी आणि लॉग फाइल ही तुमच्या मालकीची कागदपत्रं नव्हेत. अडचण विचारायला म्हणून स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकू नका. प्रश्न शब्दांत विचारा, पत्ते आणि आकडे बदलून.

## ३. जागा, वीज आणि आपली दमट हवा

हा टप्पा पुण्या-बंगळुरूच्या कागदपत्रांत सापडणार नाही, पण गोव्यात तो सोडून चालत नाही. जुलैत एसी खोलीत २२ अंशांवर थंड झालेलं कार्ड उघडं घेऊन दाभोळीच्या बाजूला एखाद्या हँगरमध्ये गेलात, तर त्याच्यावर दव धरतं. बाहेरच्या हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर लगेच पाणी होते. कार्ड आणि लॅपटॉप बंद पिशवीतच न्या, बाहेरच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच पिशवी उघडा. तासभर गेला तरी चालेल.

चवथीच्या सुट्टीत बेंच पाच दिवस बंद राहतो, एसीही बंद. परत आल्यावर कपलरच्या उघड्या तोंडांतले संपर्क बघा. खाऱ्या हवेत हिरवट थर चढायला वेळ लागत नाही. वापरात नसलेल्या प्रत्येक कनेक्टरला टोपी हवी, डब्यात सिलिका जेल हवं.

अर्थिंगचं म्हणाल, तर जांभ्या दगडातला खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो. उन्हाळ्यात एकदा त्याचा रोध मोजून घ्या. पीसी, वीजपुरवठा आणि ऑसिलोस्कोप तिन्ही एकाच अर्थवर, एकाच यूपीएसवर ठेवा.

## ४. तार: इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया

माझ्या अनुभवात ‘नो रिस्पॉन्स’ची बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, म्हणून सावकाश घ्या.

मुख्य बस म्हणजे पीळ घातलेली, शील्ड असलेली दोन तारांची केबल. तिचा इंपीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) ७० ते ८५ ओहमच्या दरम्यान, बाजारात साधारण ७८ ओहमची मिळते. दोन्ही टोकांना तेवढ्याच ओहमचा रोध, म्हणजे एकेक टर्मिनेटर. मधे कपलर (बसला फांदी काढून देणारी पेटी), आणि कपलरपासून युनिटपर्यंत येते ती फांदी म्हणजे स्टब. ट्रान्सफॉर्मर कपलिंग असेल तर स्टब २० फुटांपर्यंत चालते, डायरेक्ट कपलिंग असेल तर फक्त १ फूट. बेंचवर ट्रान्सफॉर्मर कपलिंगच वापरा.

४.१ कपलिंग जुळवा. बहुतेक कार्डांत ट्रान्सफॉर्मर की डायरेक्ट हे जंपरने किंवा सॉफ्टवेअरने निवडायचं असतं. युनिट ट्रान्सफॉर्मरवर, स्टब ट्रान्सफॉर्मर कपलरची आणि कार्ड डायरेक्टवर, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. तेव्हा मेसेज कधी जातो, कधी नाही, आणि माणूस सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो.

४.२ टी-जोड वापरू नका. नेटवर्कच्या जुन्या केबलसारखा टी लावून युनिट थेट मुख्य बसला जोडलं, की त्या युनिटमधला शॉर्ट अख्खी बस पाडतो. कपलरमधले आयसोलेशन रेझिस्टर त्यासाठीच असतात.

४.३ टर्मिनेटर फक्त मुख्य बसच्या टोकांना. कपलरचं रिकामं स्टब-तोंड दिसलं की त्याला टर्मिनेटर लावायचा मोह होतो. तिथे नुसती टोपी लावायची. टर्मिनेटर लावलात तर विनाकारण भार वाढतो.

४.४ मल्टिमीटरने मोजा, आणि आकड्याचा अर्थ समजून घ्या. सगळी युनिटं बंद ठेवून मुख्य बसच्या दोन तारांमध्ये रोध मोजा. फक्त दोन टर्मिनेटर असतील तर ७८ आणि ७८ समांतर, म्हणजे ३९ ओहम. पण कपलर जोडले की आकडा खाली येतो, आणि इथे लोक ‘शॉर्ट आहे’ म्हणून घाबरतात. ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं डीसीला जवळपास सरळ तारच वाटतं. त्यामुळे प्रत्येक कपलर हा दोन आयसोलेशन रेझिस्टरच्या बेरजेएवढा, म्हणजे अंदाजे ११७ ओहमचा रस्ता बनतो. एक कपलर असेल तर साधारण २९ ओहम, दोन असतील तर २३. दोन कपलर असताना ३३ दिसले, तर एक टर्मिनेटर सुटलाय. ५८ दिसले, तर दोन्ही सुटलेत.

स्टबच्या तोंडातून कपलरकडे मोजलंत तर जवळपास शून्य दिसेल. तेही बरोबरच आहे, कारण समोर वेटोळंच आहे.

> तपासा: तुमच्या बेंचचा ‘निरोगी’ रोध किती, तो आकडा कपलरच्या संख्येसह पट्टीवर लिहून बेंचवर चिकटवा. ए बससाठी एक पट्टी, बी बससाठी एक.

लहान बेंचवर टर्मिनेटर एकच असला तरी मेसेज बऱ्याचदा नीट जातात. म्हणूनच ही चूक महिनोन्महिने लपून राहते आणि लांब हार्नेस जोडला की (विमानातला केबलांचा जुडगा) एकदम वर येते.

४.५ ध्रुवता. मधल्या पिनवर धन बाजू, हा समकेंद्री कनेक्टरचा नियम. घरी क्रिंप केलेल्या केबलमध्ये तो उलटा झाला, तर गंमत बघा: कमांड शब्दाची सिंक (शब्दाच्या सुरुवातीची खूण) आधी धन, मग ऋण असते, डेटा शब्दाची नेमकी उलटी. म्हणजे तारा उलटल्या की कमांड हा डेटा शब्द दिसतो. शिवाय १६ बिट आणि पॅरिटी मिळून १७ बिट उलटल्यावर विषम पॅरिटी सम होते, म्हणजे पॅरिटीचीही चूक. मॉनिटरवर ‘डेटा सिंक’ आणि ‘पॅरिटी एरर’ ही जोडी सतत दिसली, तर मॉनिटरची स्टब उलटी आहे. मॉनिटरवर सगळं स्वच्छ आणि युनिट मात्र गप्प, तर युनिटची स्टब तपासा.

४.६ युनिटच्या पत्त्याच्या पिना. टर्मिनलचा पत्ता कनेक्टरवरच्या पाच पिनांनी ठरतो आणि सहावी पिन पॅरिटीची, विषम. पत्ता ५ म्हणजे ००१०१, त्यात दोन एक, म्हणून पॅरिटी पिन १. पत्ता ४ म्हणजे ००१००, एकच एक, म्हणून पॅरिटी ०. पत्ता ४चा ५ केला आणि पॅरिटी पिन तशीच राहिली, तर युनिट कुणालाच उत्तर देत नाही. आमच्याकडे एकदा हार्नेस बदलल्यावर याच एका पिनेपायी दोन दिवस गेले, कारण सगळे केबलच तपासत होते. बहुतेक युनिटं हा पत्ता चालू होतानाच वाचतात. पिना बदलल्यावर वीज बंद करून पुन्हा चालू करा.

## ५. कार्ड बसवा

पीसी बंद, वायर काढलेली, मनगटाला अँटी-स्टॅटिक पट्टा. स्लॉटमध्ये बसवा, स्क्रू घट्ट करा. यूएसबी कार्ड असेल तर विंडोजची वीज वाचवण्याची सोय त्या पोर्टसाठी बंद करा, नाहीतर जेवायला गेल्यावर नोंद मधेच तुटते.

कार्डाची स्वयंचाचणी चालवा, पण तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते समजून घ्या. आतल्या आत फिरवून घेतलेली चाचणी मेमरी आणि लॉजिक बघते. ट्रान्सीव्हरपासून कनेक्टरपर्यंतचा रस्ता त्यात येतोच असं नाही. ‘पास’ आलं म्हणून चौथा टप्पा टाळू नका.

## ६. आधी ऐका

कार्ड फक्त मॉनिटर म्हणून चालू करा. कुठलंही सिम्युलेशन चालू नसावं.

बेंचवर आधीच एखादा कंट्रोलर असेल तर त्याची वाहतूक पाच मिनिटं नोंदवा आणि दुसऱ्या टप्प्यातल्या कोष्टकाशी ताडून बघा. कोणते पत्ते उत्तर देतात, कोणते नाही, उत्तराला किती वेळ लागतो. नियमाप्रमाणे टर्मिनलने ४ ते १२ मायक्रोसेकंदांत स्टेटस शब्द, म्हणजे आपली पोचपावती, पाठवायला हवा. एखादं ११.५वर असेल तर त्याच्या नावापुढे खूण करा.

कंट्रोलर नसेल तर बस शांत असायला हवी. शांत बसवर एकही शब्द दिसला, तर कुठलं तरी दुसरं कार्ड कंट्रोलर होऊन बसलंय. एका बसवर दोन कंट्रोलर म्हणजे सगळ्यांच्या मेसेजची टक्कर. ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

ऑसिलोस्कोप लावताना एका प्रोबची ग्राउंड क्लिप बसच्या एका तारेला अडकवू नका. ती बाजू अर्थ होते, आणि मग जे दिसतं ते बसचं चित्र नसतं. डिफरन्शियल प्रोब वापरा, किंवा दोन चॅनल घेऊन वजाबाकी करा.

## ७. पहिला मेसेज: एकच, आणि निरुपद्रवी

आता कार्ड कंट्रोलर करा. फ्रेम (ठरल्या वेळाने फिरणारी मेसेजची यादी) वगैरे नको. एकच मेसेज, एकदाच: मोड कोड २, म्हणजे ‘स्टेटस शब्द पाठव’. पत्ता ५ साठी तो कमांड हेक्स २सी०२. निरोगी युनिट २८०० परत देतं. २८०८ आलं तर युनिट ‘बिझी’ आहे, अजून उठतंय. थोडं थांबून पुन्हा विचारा.

कमांड आणि स्टेटस या दोघांची सिंक एकसारखीच असते. म्हणून कच्च्या नोंदीत २सी०० दिसलं तर तो कमांड की स्टेटस, हे क्रमावरून ओळखायचं असतं.

उत्तर आलं नाही, तर स्कोपवर कार्डाच्या स्टबवर बघा. ट्रान्सफॉर्मर कपलिंगचं कार्ड बोलताना १८ ते २७ व्होल्ट, शिखर ते शिखर, दिसायला हवेत. नंतर युनिटच्या स्टबवर बघा, तिथे १ ते १४च्या दरम्यान. कार्डाकडे सिग्नल आहे आणि युनिटकडे नाही, तर चौथ्या टप्प्यावर परत. दोन्हीकडे आहे, तर पत्ता आणि पॅरिटी पिन.

> सावधान: ‘कोणकोणते सबअॅड्रेस चालतात बघू’ म्हणून ० ते ३१ अशी झाडणी खऱ्या युनिटवर कधीही करू नका. त्यात मोड कोड येतात. स्वयंचाचणीच्या हुकमाने सर्वो हलू शकतो, रीसेटच्या हुकमाने युनिट मधेच बसू शकतं. विमानात बसवलेल्या युनिटला जमिनीवरचं कार्ड जोडायचं असेल, तर ते काम मंजूर कार्यपद्धतीतूनच. सैनिकी विमानांबाबत सेमिलॅक (उड्डाणयोग्यता बघणारी) आणि डीजीएक्यूए (दर्जा बघणारी) या सरकारी संस्थांची चौकट असते, आणि ती बेंचवरच्या उत्साहापेक्षा मोठी आहे.

## ८. आकडा खरा आहे ना?

मेसेज हिरवा झाला म्हणजे डेटा बरोबर, असं नव्हे. सगळ्यात फसवी चूक बाइट उलटण्याची.

उदाहरण घ्या. दिशादर्शक कोन १६ बिटांत, टूज कॉम्प्लिमेंटमध्ये (ऋण आकडेही मांडायची पद्धत), सर्वांत मोठ्या बिटाचं वजन १८० अंश. दाभोळीच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीवर उभं असल्यासारखा २६० अंशांचा कोन पाठवायचा, तर शब्द हेक्स बी८ई४. सॉफ्टवेअरमध्ये बाइट उलटले की तो ई४बी८ होतो आणि युनिट जवळपास ३२१.६ अंश वाचतं. आकडा अगदी खरा वाटतो. शून्य किंवा कचरा दिसला असता तर कुणी तरी थांबलं असतं.

चाचणीसाठी ५५५५ आणि एएएए हे शब्द वापरायची जुनी सवय आहे. तारेच्या चाचणीला ते ठीक आहेत, पण दोन्ही बाइट सारखे असल्याने उलटापालट त्यात दिसत नाही. १२३४ पाठवा. ३४१२ परत आलं की कळतं. युनिटला सबअॅड्रेस ३०वर प्रतिध्वनीची सोय असेल तर तिथेच पाठवून परत वाचा.

३२ बिटांच्या राशीत मोठ्या वजनाचा शब्द आधी जातो. पीसीच्या मेमरीत नेमका उलटा क्रम असतो. आणि आयसीडीत ‘बिट ०’ म्हणजे सर्वांत मोठा की सर्वांत लहान, हे पहिल्या पानांवर शोधा. प्रत्येक कंपनी आपापलं लिहिते.

## ९. मग फ्रेम

एक शब्द २० मायक्रोसेकंदांचा. युनिटने ३२ शब्द पाठवायचे तर कमांड २०, थांबा जास्तीत जास्त १२, स्टेटस २०, डेटा ६४०: एकूण ६९२. दोन मेसेजमधलं अंतर धरून ७०० म्हणा. २० मिलिसेकंदांच्या मायनर फ्रेममध्ये, म्हणजे यादीच्या एका छोट्या फेरीत, असे २८ मेसेज कागदावर मावतात. प्रत्यक्षात मी निम्म्याच्या थोडं पुढे गेलं की नवा मेसेज घेत नाही, कारण एखादं युनिट गप्प झालं की त्याचे फेरप्रयत्न त्याच वेळेतून जातात.

फ्रेम कार्डाच्या हार्डवेअरकडून चालवा. विंडोजमधल्या लूपमधून एकेक मेसेज सोडलात तर अँटिव्हायरस जागा झाला की २० मिलिसेकंदांचे ३५ होतात, आणि युनिट ‘डेटा शिळा’ म्हणून तक्रार करतं.

कार्डाचा उत्तराचा टाइमआउट किमान १४ मायक्रोसेकंद असावा लागतो. तो वाढवून ३० करून ठेवला, तर १६वर उत्तर देणारं नापास युनिटही हिरवं दिसतं. पास-नापास ठरवताना मॉनिटरवरचा प्रत्यक्ष वेळ वाचा.

> तपासा: खरं युनिट जोडण्याआधी त्याच पत्त्याचा खोटा टर्मिनल कार्डात बंद केलात का? दोघं एकदम उत्तर देतात आणि मॉनिटरवर मँचेस्टर चुकांचा पाऊस पडतो.

## १०. मुद्दाम चुका पाठवा

एका डेटा शब्दाची पॅरिटी बिघडवून पाठवा. योग्य युनिटने गप्प बसायला हवं. बरेच जण ‘मेसेज एरर’चा बिट लावलेलं स्टेटस येईल म्हणून वाट बघतात आणि ते आलं नाही म्हणून युनिट नापास करतात. तो बिट आत लागतो, पण स्टेटस रोखून धरलं जातं. लगेच पुढचा मेसेज म्हणून मोड कोड २ पाठवा, तेव्हा २सी०० येईल. मधे त्या युनिटला डेटाचा दुसरा योग्य कमांड गेला तर तो बिट पुसला जातो. म्हणून फ्रेम थांबवून हे दोन मेसेज पाठोपाठ द्या.

नंतर एक शब्द कमी, एक जास्त, दोन शब्दांमध्ये खंड. एका वेळी एकच चूक.

## ११. बी बस

सगळं ए वर झालं की बी वर पुन्हा, मोड कोड २ पासून. मग फ्रेम चालू असताना ए ची स्टब काढा आणि फेरप्रयत्न बी वर जातो का ते मॉनिटरवर बघा. ए आणि बी केबलांची अदलाबदल झालेली असली तरी दोन्हीवर मेसेज जातात, म्हणून ती सहज कळत नाही. केबल उपटून बघितल्याशिवाय या ओळीपुढे खूण करू नका.

## १२. बंद करताना

आधी फ्रेम थांबवा, मग युनिटची वीज, मग कार्डाचं सॉफ्टवेअर, शेवटी पीसी. लॉगच्या नावात तारीख, युनिटचा अनुक्रमांक, बस आणि हार्नेसचा क्रमांक घाला. टर्मिनेटर बसवरच राहू द्या, खिशात नेऊ नका. रिकाम्या तोंडांना टोप्या लावा, सिलिका जेलचा रंग बघा, आणि निघण्यापूर्वी एकदा रोध मोजून पट्टीवरच्या आकड्याखाली आजची तारीख घाला.